कारल्याच्या मांडवातला कावळा

घरात काही बिघडलं की आपण आधी कारण शोधत नाही, आधी माणूस शोधतो. दूध नासलं, कुणाचा हात लागला? लोणच्याला बुरशी आली, बरणी कुणी उघडली? आणि घरात सून असली की हा शोध फार लांबवर न्यावाही लागत नाही. जुन्नर तालुक्यातल्या डिंगोरे गावात, झुंबरबाईंच्या घरी, १९९८ सालच्या उन्हाळ्यात असाच एक शोध झटपट लागला. निमित्त होतं विहिरीजवळच्या कारल्याच्या मांडवाचं.

मांडव झुंबरबाईंच्या सुनेचा, वैजयंताचा. म्हणजे रान सासरचं, बांबू आणि तार नवऱ्याने, सोपानने, आणलेली. पण हट्ट तिचा. ती आळे गावची लेक, दहावी शिकलेली. 'आपणही कारली लावू, सगळं मी बघते,' असं म्हणून तिने नवऱ्याच्या मागे भुंगा लावला आणि बी टोकण्यापासून वेल सुतळीने तारेवर चढवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने केलं. चैत्रात वेलांनी मांडव झाकला. खाली उभं राहिलं की डोक्यावर हिरवं छत आणि त्यात पिवळी फुलं! वैजयंता सकाळी उठून आधी मांडवाकडे जाई, मग चुलीकडे. सासूला ते खटकायचं, पण वेल जोमात होते, म्हणून बोलायला जागा नव्हती.

ती जागा लवकरच झाली. कारल्याच्या मादीफुलामागे गव्हाच्या दाण्याएवढं इवलंसं कारलं आधीच असतं. फूल सुकलं की ते वाढायला लागतं. इथे फुलं सुकत होती आणि त्यांच्यामागची इवली कारली पिवळी पडून गळत होती. मांडवाखाली नुसता पिवळा सडा! वेल हिरवेगार, किडीचा पत्ता नाही, पाणी वेळेवर. तरी एक कारलं बोटाएवढं होईल तर शपथ.

झुंबरबाई मांडवाखाली उभ्या राहिल्या, खालचं एक पिवळं कारलं त्यांनी उचललं आणि सुनेकडे रोखून पाहिलं.

"वैजे, खरं सांग. कावळा शिवला असताना तू हितं आली व्हतीस का?"

वैजयंताला खोटं बोलता आलं असतं. पण तो तिचा स्वभाव नव्हता.

"आले व्हते आई. तुमी बारशाला गेला व्हता, हे ओतूरच्या बाजारात. लाइट आली. येलांनी माना टाकल्या व्हत्या. मी मोटर चालू केली आन् दारं धरली."

"दारं धरली! विटाळशी बाईनं दारं धरली!" झुंबरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं सोपान, ऐकलंस का? सावलीसुदिक पडू नये येलावर, आन् ही बया पानी पाजून आली! आता कशाचं कारलं लागतंय?"

सोपान मान खाली घालून उभा राहिला. बायकोची बाजू घ्यावी तर आई रागावते आणि आईची घ्यावी तर बायको, अशा वेळी आपल्याकडचे पुष्कळ पुरुष जे करतात तेच त्याने केलं. तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

संध्याकाळी झुंबरबाईंनी निकाल सांगितला. वैजयंताने मांडवाखाली पाऊल टाकायचं नाही. ह्या अमावास्येपर्यंत कारलं धरलं नाही, तर मांडव उपटायचा आणि सुनेला आळ्याला पोचवायची. "न्हेऊन बसवा म्हनावं म्हायारी. माझ्या रानाला तिचा हात नगं." वैजयंता आत जाऊन रडली. जिवापाड जपलेला मांडव आपल्याच हाताने वाया गेला, हे तिला पटत नव्हतं आणि 'नसेलच कशावरून' हा किडाही डोक्यातून जात नव्हता. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट दहावीच्या सर्टिफिकेटाने पुसली जात नाही, मंडळी!

दुसऱ्या दिवशी डिंभ्याहून झुंबरबाईंच्या नणंद बयाबाई आल्या. सकाळची एसटी दुपारी मिळाली होती, तरी त्या हसतच ओट्यावर टेकल्या. बयाबाईंना एक खोड होती. जे दिसेल त्याबद्दल त्या विचारत. धरणात पाणी किती, मासा रात्री झोपतो का, कंडक्टर एका हाताने तिकीट कसं फाडतो. माहेरी पोरं त्यांना चिडवायची, पण बयाबाईंना त्याचं काही नव्हतं.

सुनेचे सुजलेले डोळे पाहून त्यांनी विचारलं आणि झुंबरबाईंनी सगळं प्रकरण तिखटमीठ लावून सांगितलं. बयाबाईंनी शांतपणे ऐकलं.

"वहिनी, एक इचारू? ह्यो कावळा कंचा?"

"आता कंचा म्हंजी? कावळा शिवतो आसं म्हनायचं आसतं."

"तसं नाय. माझ्या ओट्यावर रोज एक कावळा येतो. भाकर टाकली की न्हेतो, पर शिवंना कवा म्हनून. पितरपाटात त्यालाच आपन बोलावतो, का वं, तर त्यो आपला वाडवडील. पावनं यायचं आसलं की त्योच कावकाव करून सांगतो. आन् म्हयन्यातनं तीन दिवस त्योच बाईला बाटवतो! एका कावळ्यानं किती कामं करायची, वहिनी? आन् त्याला सारं घर सोडून बाईच कशी घावती?"

वैजयंताला एवढ्या दुःखातही हसू आलं. झुंबरबाईंना नाही आलं.

"चेष्टा करू नगा, वन्सं. कारली का गळत्यात मग, सांगा की!"

"ते मला ठावं नाय," बयाबाई म्हणाल्या. "पर तुमालाबी ठावं नाय. ठावं नसलं की बघावं. उगं दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये."

आता बघायचं कसं? मांडवाखाली जायला वैजयंताला बंदी. पण बांधावर बसायला कुणाची ना नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आणि बयाबाई बांधावर जाऊन बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. फुलं उमलली, ऊन चढलं, फुलं मिटायला लागली. दोघींनी मुंग्या पाहिल्या, एक सरडा पाहिला, तारेवर बसलेली कोतवाल पाखरं पाहिली. बयाबाईंनी सरड्याबद्दल पाच-सहा प्रश्न विचारले. वैजयंताला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

मग ती एकदम म्हणाली, "आत्या, हितं आवाजच नाय!"

"कसला आवाज?"

"आमच्या आळ्याला बाबा कांद्याचं बी धरायचं. फुलांचं डोंगळं फुललं की त्यात माश्या एवढ्या गुणगुणायच्या, का शेजारच्या मानसाशी मोठ्यानं बोलावं लागायचं. मधाच्या माश्या. हितं एवढी फुलं, आन् माशी एक नाय. बघा, फुलातला पिवळा भुगा जसाच्या तसा हाय. कुनी शिवलंच नाय त्याला!"

तिला शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. त्यांनी फळ्यावर भोपळ्याचं फूल काढलं होतं, दोन प्रकारचं, नर आणि मादी. एकातला पिवळा भुगा दुसऱ्यावर पडला तरच फळ धरतं, आणि तो पोचवायचं काम माशी करते. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि वैजयंताने तो बरोबर सोडवला होता. पण परीक्षेतलं फूल आणि रानातलं फूल ह्यांची तिच्या मनात कधी गाठच पडली नव्हती. आपल्यातल्या किती जणांची पडते?

"पर माश्या गेल्या कुठं?" बयाबाईंनी विचारलं.

हाच प्रश्न दुपारी सोपानला विचारला गेला. तो भाकरी खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला.

माश्या कुठे गेल्या, हे सोपानइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं असं झालं. महिन्यापूर्वी गावची यात्रा झाली. जुन्नर-आंबेगावकडची यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत आलीच. घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढणीवर, माणसांचा समुद्र. स्पीकरवर 'भिर्रर्रर्र' झालं की बैल सुटायचे आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर पोचायचे. गावचाच एक गाडा पहिला आला. मग काय विचारता! गुलाल, हलगी, आणि पोपटने, सोपानच्या जिवलग दोस्ताने, घाटाच्या माथ्यावरच्या वडाखाली फटाक्यांची भली मोठी माळ लावली. वडावर आग्या मोहोळ होतं, वर्षानुवर्षं होतं, त्याने कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं. धूर आणि आवाज वर गेला तसा तो काळा ढग खाली आला. पळापळ झाली. बैल दावी तोडून उधळले. गाडामालक पागोट्यासकट ओढ्यात बसले. स्पीकरवाला मंडपाच्या कनातीत गुंडाळून घेऊन 'आरं मेलो, मेलो' म्हणत होता आणि माइक चालूच असल्याने ते पंचक्रोशीला ऐकू जात होतं. पोपटचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं.

चूक फटाक्याची होती. पण फटाक्याला काय शिक्षा करणार? चार दिवसांनी पोपट, सोपान आणि आणखी काही जण पलिते घेऊन निघाले आणि त्यांनी वडावरचं मोहोळ जाळलं. ते जाळलं म्हणून चेव आला, मग ओढ्याकाठच्या उंबराच्या ढोलीतलं जाळलं, चिंचेवरचं जाळलं, विहिरीच्या कपारीतलं सातेरी नावाच्या लहान, गरीब माश्यांचं पोळंही जाळलं. ह्या सातेऱ्या यात्रेला गेल्यासुद्धा नव्हत्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. गावाने मात्र त्यांना शाबासकी दिली.

सोपानने हे सगळं बायकोला आणि आत्याला सांगितलं. मग स्वतःलाच धीर देत म्हणाला, "पर माश्यांचा आन् कारल्याचा काय समंध? माशी डसती. ती काय कारली देती व्हय?"

"बघूया की," बयाबाई म्हणाल्या. "माश्या नाय ना? मग माशीचं काम आपन करू."

बयाबाईंनी भावजयीला गाठलं. वैजयंताने फुलातला भुगा हाताने पोचवून बघावा, कारलं धरतंय का ते कळेल, असं त्या म्हणाल्या. झुंबरबाई तयार होईनात. मग म्हणाल्या, "करंल, पर न्हाऊनधुऊन, चांगल्या दिवसांत."

आणि इथे वैजयंता, जी सासूपुढे कधी मान वर करून बोलली नव्हती, ती बोलली.

"नाय आई. चांगल्या दिवसांत केलं आन् कारलं धरलं, तरी तुमी म्हनाल बघा, तवा विटाळ नव्हता म्हनून धरलं. म्या माझ्या त्या दिवसांतच करनार. येल वाळला तर तुमी मला पोचवू नगा, मी माझी जाईन. मांडवबी मीच उपटीन."

सोपान "आगं, आगं" करायला लागला. झुंबरबाई सुनेकडे बघत राहिल्या. त्यांची खात्री पक्की होती, आणि खात्री पक्की असली की माणूस पैज सहज घेतो.

"चालंल, आवसंचं ऱ्हाऊ दे तवर," त्या म्हणाल्या. "पर विहिरीकडची एकच सरी तुझी. तिच्या पल्याडची सरी माझी. तिला तुझी सावलीबी पडाया नगं. मी तिला हळदकुंकू वाहीन, धूप दावीन. बाकी आख्ख्या मांडवाखाली कुनी जायाचं नाय. दोन्ही सऱ्या बघूया."

"आता कसं बोललात, वहिनी!" बयाबाईंनी टाळीच दिली.

वैजयंताचे दिवस आले. पहाटेच ती मांडवाखाली गेली. झुंबरबाई बांधावर साक्षीला बसल्या, डोक्यावरचा पदर दातात धरून. वैजयंताने एक नरफूल खुडलं, त्याच्या पाकळ्या मागे मुडपल्या आणि मधला पिवळा भुगा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवला. मग दुसरं. मग तिसरं. ज्या फुलाला भुगा लावला त्याच्या देठाजवळ तिने जुन्या पोलक्याची बारीक चिंधी बांधली. 'वाळला तर?' हा विचार प्रत्येक फुलाशी येत होता. तरी ती पुढे सरकत राहिली. तिन्ही दिवस तिने हेच केलं. शेजारच्या सरीला झुंबरबाईंनी मनोभावे हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि एवढ्या मोठ्याने देवाचं नाव घेतलं की मांडवावरची कोतवाल पाखरं उडून गेली.

मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत घरात भांडण झालं नाही, कारण कुणाला त्यासाठी सवडच नव्हती. जो तो उठून मांडवाकडे बघून येई. सोपान तर बैलांना चारा टाकायचं निमित्त करून दिवसातून किती वेळा जाई, त्याला सुमार नव्हता. पहिले दोन दिवस काहीच कळेना. इकडचीही इवली कारली हिरवी, तिकडचीही हिरवी.

नंतर झुंबरबाईंच्या सरीतली पिवळी पडायला लागली. आधी एक, मग चार, मग सगळी. हळदकुंकवावरच गळून पडली.

आणि चिंध्या बांधलेली? एका सकाळी बयाबाईंची हाक ऐकू आली. "वहिनी! आवो वहिनी! या की लवकर!"

झुंबरबाई धावत गेल्या. विहिरीकडच्या सरीवर चिंधीमागून चिंधी, आणि प्रत्येक चिंधीखाली कारलं! बोटभर, कुठे वीतभर होऊ घातलेलं, खवल्याखवल्याचं, हिरवंगार कारलं! चार-दोन गळली होती, पण बाकी सगळी धरली होती. वेल वाळला नव्हता. उलट नवी पालवी फुटली होती. विटाळाच्या हाताची सरी भरली होती आणि सोवळ्यातली सरी रिकामी होती!

सोपान पुढे झाला. "आई, वैजीचं काय चुकलं नव्हतं. माश्या मी जाळल्या. येल मी वांझ केला आन् बोल तिला लागला. मला ते त्याच दिवशी उमगाया पायजे व्हतं. मी गप बसलो."

झुंबरबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या एका कारल्याला हात लावून उभ्या होत्या. मग हळूच खाली, मातीतच बसल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुमास्नी आठवतंय? परड्यातला आत्याबाईंचा भोपळा?"

बयाबाईंचं हसू मावळलं. त्यांना आठवत होतं. झुंबरबाई नव्या नवरी होत्या, न्हाणं येऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. सासूने, म्हणजे आत्याबाईंनी, परड्यात लाल भोपळा लावला होता. कावळा शिवलेला असताना झुंबराने पडलेला वेल उचलून कुडावर टाकला, एवढंच. पुढे त्या वेलाचे सगळे भोपळे सुपारीएवढे होऊन गळले. सासूने तिला गोठ्यात बसवलं, भावकीतल्या बायकांसमोर 'हिच्या हाताला यश नाय' म्हणून सांगितलं. गोठ्यात तिला भाकरी नेऊन द्यायला तेव्हाची लहानगी बया जायची.

"तवापासनं म्या कायबी लावलं नाय, वन्सं," झुंबरबाई म्हणाल्या. "तुळसबी दुसऱ्याकडनं लावून घेतली. पेरनीला ओटीत बी घेतलं नाय कवा. म्हनलं, माझा हात वाईट. चाळीस-पंचेचाळीस वर्सं... आन् त्यो येल म्या मारलाच नव्हता! म्या नव्हता मारला वं!"

आणि ती करारी बाई तोंडात पदर कोंबून लहान पोरीसारखी रडायला लागली. वैजयंता तिच्याजवळ बसली. तिला सासूचा राग येत होता तो कुठे गेला, ते तिलाच कळलं नाही. तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला. विटाळात वेलांना लागलेला हात तो हाच, पण झुंबरबाईंनी तो झटकला नाही.

बयाबाई म्हणाल्या, "आईचा भोपळा कशानं गळला, देव जाने. पानी कमी पडलं आसंल, कीड आसंल, माशी नसंल. कुनी बघायला गेलंच नाय, वहिनी. कशाला जातील? तुमी घावला व्हता ना!"

पुढे मांडव उपटला गेला नाही. वैजयंता, बयाबाई आणि सोपानसुद्धा रोज पहाटे फुलं टेकवत फिरत. 'सोपानराव माशी झाले' म्हणून पोपटने गावभर चेष्टा केली, मग त्याच्याच काकडीला फळ धरेना तेव्हा हळूच शिकायला आला. गावच्या बैठकीत सोपानने उभं राहून सांगितलं, की घाटावर गाडे पळू देत, पण वडाखाली फटाका नको, आणि पोळ्याला पलिता तर नकोच. काही जण हसले, काहींनी ऐकलं. पुढच्या साली सातेऱ्या विहिरीच्या कपारीत परत आल्या. वडावर मात्र मोहोळ अजून बसलेलं नाही. जाळायला एक संध्याकाळ लागते, परत यायला किती वर्षं लागतील ते माशीलाच माहीत.

बंधूंनो आणि भगिनींनो, ह्या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच. निसर्गाने स्त्रीच्या देहाला जो धर्म दिला आहे त्याने वेल वाळत नाही, लोणचं नासत नाही, देव कोपत नाही. वेल वांझ राहतो तो आपल्या अडाणीपणाने. घरातल्या बाईला दोषी धरलं की खरं कारण शोधायची गरजच उरत नाही, आणि मग खरा अपराधी मोकळा राहतो. कधी तो फटाका असतो, कधी पलिता, कधी आपण स्वतः. म्हणून माणसाला बोल लावण्याआधी एकदा बांधावर बसा आणि नीट बघा. विचारा. विचारायला लाजू नका!

त्याच वर्षी मृगाच्या तोंडावर झुंबरबाईंनी सुनेपुढे तळहात पसरला आणि म्हणाल्या, "वैजे, भोपळ्याचं एक बी दे." वैजयंताने ओंजळभर पुढे केलं, तर त्या नको म्हणाल्या, एकच घेतलं. परड्यात कुडाशी वाकून त्यांनी बोटाने माती उकरली, बी आत ठेवलं, वरून माती सारली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. साठीला आलेल्या त्या बाईने चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी लावलेलं ते पहिलं बी होतं.